लाल रंग परत आला

वेबपानावरच्या निळ्या लिंकवर माउसचा बाण नेला की ती लाल किंवा केशरी होते, बाण हटला की पुन्हा निळी. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत याला हॉवर म्हणतात. त्याचं कूळ शोधणारे बहुतेक जण १९९८ पाशी थांबतात. माझ्या मते ते त्याहून मागे जातं, थेट अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठापर्यंत, आणि त्याची सुरुवात लाल रंगाच्या पराभवातून होते.

तिथे १९८३ पासून बेन श्नायडरमन यांचा गट हायपरटाइज ही प्रणाली घडवत होता. वाचता वाचता मजकुरातलाच एखादा शब्द निवडायचा आणि त्या विषयाच्या लेखावर जायचं, अशी तिची रचना. त्या शब्दाला रंग कोणता द्यावा, हे त्यांनी प्रयोग करून ठरवलं. लाल रंगातली लिंक चटकन दिसे. पण वाचणाऱ्याला मजकूर नीट समजेना, लक्षातही राहीना. काळ्या पडद्यावर फिकट निळा ठेवला तर लिंक दिसे आणि वाचन अडत नसे. निळा जिंकला.

वेबवर निळा आला तो १९९३ च्या एप्रिलमध्ये. मोझेक ब्राउझरच्या ०.१३ आवृत्तीच्या बदलांच्या यादीत नोंद आहे: न पाहिलेली लिंक निळी, खाली सलग रेघ, पाहिलेली गडद जांभळी, खाली तुटक रेघ. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये नुसती अधोरेघ होती. निळा सर्वांत गडद रंग, त्याने वाचनाला सर्वांत कमी बाधा येते, म्हणून तो आला असावा, असा त्यांचा तर्क. म्हणजे मेरीलँडचंच कारण, वेगळ्या वाटेने आलेलं.

आता माझा मुद्दा. लाल हरला तो दिसण्यात कमी पडला म्हणून नव्हे, तर सतत दिसत राहतो म्हणून. वाचक स्वतःहून लिंकजवळ आल्यावरच लाल दाखवला तर? वाचन आधीच थांबलेलं असतं; तेव्हा ठळकपणा नडत नाही, उलट हवाच असतो. हॉवरने लालला नेमकी हीच जागा दिली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कितीतरी पानांवर निळी लिंक बाणाखाली लालच होई, हा मला योगायोग वाटत नाही.

याविरुद्धचे दावे कच्चे नाहीत. डिसेंबर १९९६ च्या सीएसएस-१ मध्ये लिंकच्या तीनच अवस्था होत्या: न पाहिलेली, पाहिलेली आणि दाबली जात असलेली. हॉवर मे १९९८ च्या सीएसएस-२ मध्ये आला. पण मायक्रोसॉफ्टच्या एक्सप्लोरर ४ मध्ये तो १९९७ सालीच चालत होता. त्यामुळे जन्माचं श्रेय मानकाला देता येत नाही. दुसरा दावा रोलओव्हरचा. नेटस्केप ३ या ब्राउझरपासून जावास्क्रिप्टने बाणाखालचं चित्र बदलता येऊ लागलं आणि बटणं उजळवायची लाटच आली. हा दावा मला सर्वांत तगडा वाटतो. पण ती बटणं पाहायची होती, वाचायची नव्हती. वाहत्या मजकुरातल्या शब्दाचा पेच तिथे नव्हताच. तिसरा हायपरकार्ड या वेबआधीच्या प्रणालीचा: १९८७ पासून त्यात बाण आत आला, बाहेर गेला हे ओळखणारे संदेश होते. यंत्रणा तिथून आली असं मी मानेन, पण मूळ हायपरकार्ड काळंपांढरं. रंगाचं कारण तिथे सापडत नाही.

पाहिलेल्या लिंकवरही लाल हवा असेल तर सीएसएसमध्ये त्याला जागाही सांभाळावी लागते. चारही नियमांचं वजन सारखं, त्यामुळे शेवटी लिहिलेला जिंकतो. हॉवरचा नियम पाहिलेल्या लिंकच्या नियमाआधी लिहिला, तर त्या लिंकवर बाण नेऊनही ती जांभळीच राहते. म्हणून क्रम ठरला: लिंक, व्हिजिटेड, हॉवर, ॲक्टिव्ह.

फोनवर बाण नसतो, म्हणून तिथे हॉवर मेला असं म्हणतात. पण श्नायडरमन यांच्याच प्रयोगशाळेने १९८८ मध्ये टचस्क्रीनसाठी एक पद्धत तपासली होती. बोट टेकलं की कर्सर त्याच्या थोडा वर उमटे. बोट न उचलता तो हव्या त्या जागी सरकवायचा आणि निवड व्हायची ती बोट उचलल्यावर. स्पर्श आणि निवड यांच्यामधला हा अवकाश म्हणजेच हॉवर, आणि तो बोटालाही मिळू शकतो हे त्याच प्रयोगशाळेने दाखवून दिलं होतं.