कूलिंग टॉवरमधून पाणी का वाहतं? ओव्हरफ्लो आणि पाइपिंगचे बिघाड कसे ओळखायचे

मॉल, हॉस्पिटल किंवा आयटी पार्कच्या गच्चीवर माथ्याला पंखा बसवलेले फायबरचे मोठे पिंप तुम्ही पाहिले असतील. तेच कूलिंग टॉवर. सेंट्रल एसीने इमारतीतून ओढलेली उष्णता इथून बाहेर जाते. चिलरकडून साधारण ३५ अंशांचं गरम पाणी टॉवरच्या वरच्या भागात येतं आणि ‘फिल’ नावाच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांवरून खाली झिरपतं. पंखा हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन उडतं. उरलेलं पाणी पाच-सहा अंशांनी थंड होऊन तळाच्या बेसिनमध्ये जमतं आणि पंप तेच पुन्हा चिलरला पाठवतो.

उडालेल्या पाण्याची भरपाई मेकअप लाइन करते. तिच्या तोंडाशी फ्लोट व्हॉल्व्ह असतो, म्हणजे आपल्या घरच्या टाकीतल्या बॉलकॉकचा थोरला भाऊ. १०० टनांचा चिलर पूर्ण लोडवर चालला तर तासाला साधारण ६५० लिटर पाणी नुसतं वाफ होतं. हे पाणी जाणारच, त्यावरच कूलिंग चालतं. प्रश्न आहे तो ओव्हरफ्लो पाइपातून गटारात जाणाऱ्या पाण्याचा.

ते किती जातंय हे मोजायला मोबाइलचा स्टॉपवॉच पुरतो. २० लिटरची बादली पाइपाखाली धरा. एका मिनिटात भरली, तर दिवसाला २८,८०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. उन्हाळ्यात एकीकडे टँकर मागवायचे आणि दुसरीकडे हे असं!

आधी बघा: पाणी कधी वाहतं?

सततचं वाहणं आणि पंप बंद झाल्यावरचं वाहणं हे दोन वेगळे आजार आहेत. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. पंप पाणी तयार करत नाही, फक्त फिरवतो. त्यामुळे टॉवर एकटाच असेल आणि पाणी सतत वाहत असेल, तर जादा पाणी बाहेरून येतंय. बहुतेक वेळा ते मेकअपमधूनच येतं. मेकअपचा हाताचा व्हॉल्व्ह दहा-पंधरा मिनिटं बंद करून बघा. ओव्हरफ्लो थांबला तर दोषी फ्लोट व्हॉल्व्ह: वॉशर झिजलाय, सीटमध्ये क्षार अडकलाय, गोळ्यात पाणी शिरलंय किंवा दांडी वाकलीय. फक्त रात्रीच वाहत असेल, तर लाइनचं प्रेशर तपासा. वापर कमी झाला की प्रेशर वाढतं आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. तिथे नवा फ्लोट लावून भागत नाही, प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो.

पंप बंद केला की पूर येतो

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पंप चालू असताना बरंच पाणी वरच्या ट्रेमध्ये, फिलवर आणि पाइपात अडकलेलं असतं. पंप थांबला की ते खाली बेसिनमध्ये येतं. ६ इंची पाइपात मीटरला साधारण १८ लिटर पाणी मावतं. बेसिनच्या पातळीपेक्षा उंचावरून ३० मीटर पाइप गेला असेल, तर तेवढ्यातच ५०० लिटरच्या वर पाणी आहे. पंपाच्या डिस्चार्जवर एनआरव्ही नसेल किंवा तो गळत असेल, तर हे पाणी उलटं येतं. बेसिनमध्ये जागा नसली की ओव्हरफ्लोवाटे बाहेर.

मग सकाळी पंप सुरू केला की पातळी धपकन खाली जाते. बेसिनमध्ये भोवरा होतो, पंप हवा ओढतो आणि आतून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. ऑपरेटर काय करतो? फ्लोट वर चढवतो. सकाळचा आवाज थांबतो, पण संध्याकाळचा ओव्हरफ्लो वाढतो. एका ठिकाणचा पॅच दुसरीकडे बग काढतो, तसलाच प्रकार! योग्य क्रम वेगळा आहे: आधी बेसिनची जाळी आणि पंपाचा स्ट्रेनर साफ करायचा, मग एनआरव्ही तपासायचा, सक्शन पाइपाला मध्येच कुठे उंचवटा असेल तर तो काढायचा, कारण तिथे हवा साठते. त्यानंतर चालू पंपावरची पातळी कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे लावायची. एवढं करूनही पाणी मावत नसेल, तर बेसिनच लहान पडतंय.

एक टॉवर वाहतो, शेजारचा कोरडा

दोन टॉवर जोडीने चालतात तेव्हा एकातून ओव्हरफ्लो आणि दुसऱ्यात मेकअप चालू, असं चित्र दिसतं. लोक दोन्ही फ्लोट बदलतात आणि पाणी तसंच वाहत राहतं. दोष फ्लोटमध्ये नसतोच. एका टॉवरला गरम पाणी जास्त येतं, पण पंप दोन्हीकडून सारखंच ओढतो. दोन्ही बेसिन जोडणारा इक्वलायझर पाइप ही तफावत भरून काढतो. तो गाळाने तुंबला, बारीक घातला किंवा त्याचा व्हॉल्व्ह कुणी बंद केला, की संपलं. दोन्ही बेसिनच्या ओव्हरफ्लोची उंचीही एकच हवी. टॉवर बंद ठेवताना आउटलेट बंद केलं आणि इनलेट उघडं राहिलं, तर तो टॉवर भरून वाहणारच.

वरच्या ट्रेच्या कडेवरून पाणी सांडत असेल तर खालच्या पाइपांना हात लावू नका. शेवाळ किंवा क्षारांनी नोझल बुजलेत, नाहीतर पाणी डिझाइनपेक्षा जास्त येतंय.

मीटर काय सांगतो

वाफ होताना क्षार मागे राहतात, म्हणून पाण्याची कंडक्टिव्हिटी वाढत जाते आणि ठरावीक आकड्याला ब्लोडाउन व्हॉल्व्ह उघडून थोडं पाणी सोडतो. एसी नेहमीसारखा चालू आहे, ब्लोडाउन उघडतच नाही आणि आकडा खालीच राहतो, म्हणजे पाणी कुठूनतरी गुपचूप जातंय. त्याबरोबर महागडी केमिकल्सही जातात. मेकअपचा मीटर रोज ठरलेल्या वेळी वाचला, तर हे बिल यायच्या आधीच कळतं.

दुरुस्तीत जुना पाइप आंधळा करून तसाच सोडू नका. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो आणि टॉवरच्या तुषारांबरोबर हवेत जातो. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये पसरलेल्या साथीचं मूळ एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरमध्ये सापडलं होतं. त्यानंतर त्या शहराने टॉवरची नोंदणी सक्तीची केली.

टॉवरच्या आत डोकावण्याआधी पंख्याचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं. रिमोटवरून बंद दिसणारा पंखा ऑटो मोडमध्ये कधीही फिरू शकतो.