फोर्ड १.० लिटर इकोबूस्ट इंजिन

फोर्ड १.० लिटर इकोबूस्ट हे तीन सिलिंडरांचे टर्बोचार्ज्ड पेट्रोल इंजिन आहे. ते २०१२ साली युरोपात फोर्ड फोकसमध्ये आणि २०१३ साली भारतात इकोस्पोर्टमध्ये आले. सुमारे १,००० घनसेंमी क्षमतेतून १२५ अश्वशक्ती देणाऱ्या या इंजिनाला २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला.

कॅमशाफ्ट फिरवणारा दातेरी पट्टा यात तेलात भिजत चालतो. त्यामुळे घर्षण घटते. मात्र अयोग्य किंवा जुन्या तेलाने पट्टा झिजतो, त्याचे कण तेलपंपाच्या जाळीत अडकतात आणि पट्टा तुटण्यापूर्वीच तेलाअभावी इंजिन निकामी होऊ शकते. म्हणूनच विहित प्रतीचे तेल वेळेवर बदलणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते. सुरुवातीच्या काही गाड्यांत शीतकाची नळी फुटून इंजिन अतितप्त होत असे. पुढील आवृत्त्यांत कॅमशाफ्टसाठी साखळी वापरण्यात आली.