साकव

लुसर्नला जाऊन आलेल्या मराठी माणसाच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. रॉइस नदीवरचा लाकडी पूल, शेजारी दगडी मनोरा. आमच्याकडेही आहे. चौदाव्या शतकातला पूल, वर कौलारू छप्पर. मला वाटायचं, छप्पर माणसं भिजू नयेत म्हणून. पण ते मुख्यतः लाकडासाठी! सांध्यात पाणी मुरलं की लाकूड कुजतं. उघडा पूल पंधरा-वीस वर्षांत थकतो, छपराखालचा शंभरी सहज गाठतो. १९९३ च्या ऑगस्टमध्ये हा पूल बराचसा जळाला, तर १९९४ च्या एप्रिलपर्यंत त्यांनी तो पुन्हा उभा केला.

फोटो बघताना मला आठवला तो आमच्या आसनगावकडचा साकव.

शहापूरच्या जंगलात साग, ऐन भरपूर. मग आपल्याकडे असा पूल का नाही? आमची नदी मे महिन्यात गोट्यांची, आणि आषाढात झाडंच्या झाडं वाहून आणणारी. पाणी वरून नाही, खालून मारतं. तिथे छप्पर काय करणार? म्हणून दोन दगडांवर दोन ओंडके, आडवे बांबू, धरायला एक काठी. पुरात गेला तर गेला. पाऊस सरला की पाड्यावरचे बाप्ये जमून एका दिवसात नवा टाकायचे. अडाणीपणा नव्हे, हिशेब होता.

अर्थात हिशेबाची किंमतही होती. ६ फेब्रुवारी १८६० ला रेल्वे वाशिंदहून आसनगावला पोचली, रुळांखाली पक्के पूल आले. पाड्यांच्या वाटेवर मात्र पुढची शंभर वर्षं साकवच. माझी धाकटी आत्या भर आषाढात जन्मली तेव्हा साकव आदल्या रात्रीच गेला होता. सुईण पलीकडे, आजी अलीकडे. दोघी एकमेकींना दिसत होत्या म्हणे! सुईण काठावरून ओरडून सांगत होती आणि थोरली काकू ऐकून करत होती. नाळ विळ्याने कापली. (आत्या, वाचत असशील तर चूक दुरुस्त कर.)

आता सरकारी कागदांत 'साकव' असतो तो सिमेंटचा. लाकूड गेलं, शब्द तेवढा राहिला. लुसर्नचे दहा फोटो आहेत घरात. आमच्या साकवाचा एकही नाही. दरवर्षी नवा होणाऱ्या वस्तूचा फोटो कोण काढतं?