कामाची वही आणि तिचें घर

एखादें मोठें काम अनेकांनीं मिळून करावयाचें म्हटलें कीं, तें कोणी, केव्हां व कोणत्या क्रमानें करावयाचें हें कोठें तरी लिहून ठेवावें लागतें. शाळेच्या वेळापत्रकाचा तक्ता ज्यानें एकदां तरी आंखला असेल, त्याला यांतील अडचणी सांगावयास नकोत. पोलंडमधील अभियंते कॅरोल आदामिएत्स्की यांनीं १८९६ सालीं असा आलेख बनविला. पुढें १९१० च्या दशकांत अमेरिकेंत हेन्री गँट यांनीं आडव्या पट्ट्यांचा तक्ता प्रचारांत आणला, आणि तोच आज त्यांच्या नांवानें ओळखला जातो. हे सारे तक्ते कागदावरचे. कागद कचेरीच्या कपाटांत राही व कपाटाची किल्ली कचेरींतच असे; तेव्हां तो कोणाच्या ताब्यांत, हा प्रश्नच उद्भवत नसे.

हा प्रश्न इंटरनेटनें निर्माण केला. २००४ च्या फेब्रुवारींत शिकागो येथील एका लहानशा कंपनीनें 'बेसकॅम्प' नांवाची कामाची वही भाड्यानें देण्यास प्रारंभ केला. वही कंपनीच्या यंत्रावर राहणार, आणि भाडेकरूनें दरमहा पैसे भरून तींत लिहावयाचें. ती तयार करीत असतां डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डॅनिश तरुणानें जो सांगाडा रचला होता, तो त्यानें 'रूबी ऑन रेल्स' या नांवानें त्याच वर्षीं सर्वांस मोफत खुला केला. मौज अशी कीं, भाड्याच्या घरासाठीं घडविलेल्या याच तुळयांवर पुढें लोकांनीं स्वतःचीं घरें बांधलीं! २००६ च्या जूनमध्यें झां-फिलिप लांग यांनीं 'रेडमाइन' प्रसिद्ध केलें, तें याच सांगाड्यावर उभें आहे.

रेडमाइन ज्या परवान्याखालीं दिलें गेलें, तो रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं घोषित केलेल्या ग्नू चळवळीचा. कोणींहि कार्यक्रम घ्यावा, चालवावा, बदलावा. मात्र दुसऱ्यास देतांना त्यालाहि तेच हक्क द्यावे. हे हक्क केवळ कागदी नव्हते. २०११ मध्यें रेडमाइनच्या कांहीं सहकाऱ्यांचें कारभाराविषयीं पटेना, तेव्हां ते सगळा कार्यक्रम घेऊन वेगळे झाले व त्यांनीं 'चिलीप्रोजेक्ट' काढलें. तें फार दिवस टिकलें नाहीं, पण त्याच्यापासूनच जर्मनींत 'ओपनप्रोजेक्ट' जन्मास आलें. भाऊबंदकींतून असें चांगलें फळ क्वचितच निपजतें.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियांतील ॲटलासियन कंपनीच्या 'जिरा'चें. पुष्कळ संस्थांनीं ती वही आपल्याच सर्व्हरवर बसविली होती. यंत्र आपलें, परवाना मात्र कंपनीचा. २०२० च्या ऑक्टोबरमध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं, सर्व्हरवरील आवृत्तीचे नवे परवाने २ फेब्रुवारी २०२१ पासून मिळणार नाहींत, आणि फेब्रुवारी २०२४ नंतर दुरुस्त्याहि मिळणार नाहींत. कंपनीनें करार मोडला असें म्हणतां येणार नाहीं. पण वर्षानुवर्षांच्या नोंदी ज्यांच्या त्या वहींत होत्या, त्यांना कंपनीच्या यंत्रांवर राहावयास जावें, मोठ्या संस्थांसाठीं ठेवलेली महाग आवृत्ति घ्यावी, कीं दुसरें साधन शोधावें, याचा निर्णय घेणें भाग पडलें.

आतां स्वतःचें घर उभारतात कसें? १९९१ सालीं हेल्सिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेली लिनक्स प्रणाली ज्या सर्व्हरवर आहे, त्यास बहुधा पडदाहि नसतो; दूर बसून आज्ञा टंकाव्या लागतात. रेडमाइनसाठीं प्रथम पोस्टग्रेससारखा डेटाबेस बसवून त्यांत एक रिकामें दालन करावें आणि त्याच्यासाठीं निराळा वापरकर्ता नेमावा. घराच्या सगळ्या किल्ल्या एकाच नोकराच्या हातीं देऊं नयेत. मग रूबी भाषा व तिचीं साहाय्यक ग्रंथालयें. येथें धीर लागतो, कारण रेडमाइनच्या प्रत्येक आवृत्तीस रूबीच्या ठराविकच आवृत्त्या चालतात, आणि नवशिक्याची सबंध संध्याकाळ याच ठिकाणीं जाते. त्यानंतर डेटाबेसचा पत्ता एका लहान फाइलींत लिहावा, गुप्त किल्ली निर्माण करावी, आणि कोष्टकें आंखण्याची आज्ञा द्यावी. मूळ भूमिका व कामाच्या अवस्था भरण्याची आज्ञा त्यानंतरची. शेवटीं पुढल्या दाराशीं वेब सर्व्हर बसवावा. प्रथम आंत शिरतांना नांव व परवलीचा शब्द दोन्ही 'ॲडमिन' असेच असतात. हें साऱ्या जगास ठाऊक असल्यामुळें दुसरें कांहीं करण्यापूर्वीं तो शब्द बदलावा.

ज्या संस्थेंत यंत्राकडे पाहणारें कोणी नाहीं, तिनें भाड्याचीच वही घ्यावी, असें माझें मत आहे. ज्यांना स्वतःची हवी, त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, रेडमाइनमध्यें नोंदी डेटाबेसांत राहतात, पण जोडलेले कागद व चित्रें निराळ्या फोल्डरांत असतात. रोजची प्रत दोहोंचीहि काढावी, आणि ती त्या यंत्रावर न ठेवतां दुसऱ्या इमारतींत ठेवावी.