रक्त वाचविण्याची विद्या



गुलमंडीच्या बाजारात बहुतेक सर्व वस्तूंचा भाव विचारता येतो. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती वस्तू म्हणजे माणसाचे रक्त. आणि तिचाही भाव आपल्या देशात अगदी अलीकडेपर्यंत ठरत असे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि १९९८ च्या आरंभापासून पैसे घेऊन रक्त देण्यास मनाई झाली. रक्त विकणारा कोण होता, हे कामगारवस्तीत निराळे सांगावयास नको. ज्याच्याजवळ विकण्यासारखे दुसरे काही उरले नाही, तो.

रक्त कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. म्हणून रोग्याला वाचविण्याचे मार्ग दोनच: दुसऱ्याचे रक्त मिळविणे, किंवा त्याचे स्वतःचे वाहू न देणे. पहिल्या मार्गावर आपण शिबिरे भरवितो. दुसऱ्याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

गुडघ्यापासून सुरुवात करू. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हा ‘गुडघा बदलणे’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोचला. या शस्त्रक्रियेत हाडांची झिजलेली टोके कापून तेथे धातू व प्लॅस्टिकचा सांधा बसवितात. कापलेले हाड पाझरत राहते. पुष्कळदा मांडीला पट्टा आवळून रक्त थोपवितात. पण तो सैल केला की ते वाहू लागते, आणि नेमकी त्याच वेळी शरीराची गुठळी विरघळविण्याची क्रियाही जोर धरते. शरीरात रक्त सुमारे पाच लिटर. त्यांतले लिटरभर किंवा अधिकही या एका शस्त्रक्रियेत जाऊ शकते.

गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या तंतूंचे जाळे. हे जाळे कापणारा पदार्थ रक्तातच तयार होतो. पण त्यासाठी त्याला आधी तंतूवर ठराविक जागी बसावे लागते. ट्रानेक्झामिक आम्ल त्याला तेथे बसूच देत नाही. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा अडवितो, तसाच हा प्रकार. औषध नवी गुठळी घडवीत नाही, झालेली राखते.

हे औषध शोधले जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी. युद्धाने देश खचलेला, प्रयोगशाळेत साधनांची वाण. रक्ताचा अभ्यास त्यांनी निवडला, त्याचे एक कारण असे की, नमुना कमी पडला तर स्वतःचे रक्त काढता येईल! उताकोबाई लहान मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करीत. शेतात झोळी बांधून खुरपणाऱ्या आपल्या बायांना यात नवल वाटणार नाही. आधी एक सौम्य औषध सापडले. पुढे १९६२ मध्ये त्याहून कितीतरी प्रभावी असे ट्रानेक्झामिक आम्ल प्रसिद्ध झाले. बाळंतपणात रक्तस्रावाने दगावणाऱ्या स्त्रिया वाचाव्यात, ही बाईंची इच्छा होती. पण बाळंतिणींवर त्याची चाचणी घेण्यास त्या तेथील डॉक्टरांना राजी करू शकल्या नाहीत.

आता क्रम पाहा. १९९६ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे गुडघ्याच्या ८६ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. औषध मिळालेल्यांचा रक्तस्राव इतरांच्या जवळजवळ निम्मा होता आणि त्यांना बाहेरचे रक्तही कमी लागले. अशा अनेक चाचण्यांनंतर ही पद्धत जगभर रुळली. अपघातातील जखमींवरील मोठी चाचणी यावयास २०१० उजाडले: ४० देश, २०,२११ रोगी, त्यांत भारतीय रुग्णालयेही होती. बाळंतिणींवरील चाचणीचा निकाल २०१७ च्या एप्रिलमध्ये लागला: २१ देश, २०,०६० स्त्रिया. तीन तासांच्या आत औषध दिले असता रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. उताकोबाई एक वर्ष आधीच, २०१६ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी वारल्या होत्या.

ज्यांच्यासाठी औषध शोधले, त्यांच्यापर्यंत ते सर्वांत शेवटी पोचले. यात गुडघ्याच्या डॉक्टरांचा दोष नाही. तेथे शस्त्रक्रिया ठरलेल्या दिवशी होते, रोगी हाताशी असतो, रक्त मोजता येते. बाळंतीण मध्यरात्री, दूरच्या गावी अडते. शिवाय, स्वस्त व मक्तेदारी संपलेल्या औषधाची महागडी चाचणी करण्यात कोणत्याही कंपनीला नफा नसतो.

हे औषध आपल्या मनाने घेण्याचे नव्हे. ज्यांना पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झाली असेल, त्यांनी ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. परंतु मागणी करणे हे आपले काम आहे. कन्नड, सोयगावकडची स्त्री ‘घाटी’च्या दारात पोचेपर्यंत तीन तासांपैकी किती उरतात? तिच्या अंगात रक्त बहुधा मुळातच कमी. चिकलठाणा-वाळूजच्या कामगारांना रात्री-अपरात्री रक्तदानासाठी उठविण्याचे काम मी वर्षानुवर्षे केले. ते आले, यापुढेही येतील. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि रुग्णवाहिकेत हे इंजेक्शन आहे का, आणि ते देणारा माणूस हजर आहे का, हे गावोगावी जाऊन विचारले पाहिजे. आपल्या संघटनांनी, महिला मंडळांनी हा प्रश्न हाती घ्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.