व्हॅनसाठी हिवाळी टायर कसे निवडायचे? टायरवरचं एक छोटं चिन्ह आणि गाडीत ठेवायच्या वस्तू

टायर म्हटलं की आपण आधी ब्रँड बघतो, मग किंमत. मीही तेच करायचो. कॅनडात ऑटवाला आल्यावर सामान हलवण्याच्या कामासाठी मी एक जुनी कार्गो व्हॅन घेतली. विकणारा म्हणाला, "टायर ऑल सीझन आहेत, बर्फातही चालतात." टायरच्या बाजूवर एम+एस असं छापलेलंही होतं. एम+एस म्हणजे मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. मला वाटलं, झालं काम.

नोव्हेंबरच्या शेवटी बर्फ पडला. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस थरथरलं आणि रिकामी व्हॅन सरळ घसरत पुढे गेली. वेग जेमतेम ३० होता. झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई बाबागाडी घेऊन पाऊल टाकणारच होती. तिने गाडी घसरताना बघितली आणि ती झटकन मागे सरली. व्हॅन क्रॉसिंग ओलांडून थांबली. कुणाला काही झालं नाही, पण त्याच आठवड्यात मी चारही टायर बदलले. शिकायला किंवा कामाला कॅनडात, जर्मनीत जाणाऱ्या मित्रांना उपयोग होईल म्हणून तेव्हा शिकलेलं सगळं इथे लिहितोय.

एम+एस आणि डोंगराचं चिन्ह, फरक काय?

एम+एस ही अक्षरं टायरच्या नक्षीवरून छापली जातात. खाचा मोठ्या आणि मोकळ्या असल्या की कंपनी ती स्वतःच छापते. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. माझी फसगत इथेच झाली.

शोधायचं चिन्ह वेगळं आहे: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाची चांदणी. हे चिन्ह मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर चाचणी द्यावी लागते आणि एका ठरलेल्या प्रमाण टायरपेक्षा जास्त पकड दाखवावी लागते. पण यातही एक मेख आहे. उत्तर अमेरिकेत ही चाचणी मुख्यतः गाडी पुढे ओढताना मिळणारी पकड मोजते. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागेल, हे त्यातून कळत नाही. म्हणून चिन्ह ही किमान अट समजा.

दुकानात तीन प्रकार दिसतील. ऑल सीझनवर बहुतेक वेळा फक्त एम+एस असतं. ऑल वेदरवर डोंगराचं चिन्ह असतं आणि ते वर्षभर ठेवता येतात. तिसरे खास विंटर टायर. ऑल सीझन आणि ऑल वेदर ही नावं इतकी सारखी आहेत की गोंधळ होणारच, त्यामुळे नावाकडे न बघता चिन्ह बघा. थंडी सौम्य असेल तर ऑल वेदर चालून जातात. ऑटवात जानेवारीत पारा उणे २५ पर्यंत उतरू शकतो, तिथे मी विंटर टायरच घेईन.

रबराचं काय एवढं?

खरा खेळ रबराचाच आहे. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि कडक रबर रस्त्याला धरत नाही. विंटर टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीवर ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फाला चावा घेतात. हाच मऊपणा उन्हाळ्यात उलटतो. गरम डांबरावर हे टायर भराभर झिजतात, म्हणून एप्रिलच्या सुमारास ते काढायचे.

"माझी गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे, मला गरज नाही" असं म्हणणारे भेटतील. फोर व्हील ड्राइव्ह गाडी हलवायला मदत करते. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात, आणि तिथे पकड टायरचीच लागते. त्याच कारणाने पैसे वाचवायला दोनच विंटर टायर लावू नका. पुढची आणि मागची पकड वेगळी झाली की वळणावर गाडी फिरते.

व्हॅनसाठी वेगळं काय बघायचं?

व्हॅन ओझं वाहते, त्यामुळे नुसता आकार जुळून उपयोग नाही. माझ्या टायरवर २३५/६५ आर १६ सी १२१/११९ आर असं लिहिलंय. यातला सी म्हणजे व्यावसायिक वापराचा टायर. १२१ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरला १,४५० किलो. याच मापात कारचा टायर मिळतो, त्यावर १०३ असू शकतं, म्हणजे ८७५ किलो. स्वस्त मिळतोय म्हणून तो घेतलात तर भरलेल्या व्हॅनखाली तो धोक्याचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि दुकानदाराला दाखवा.

मागच्या चाकांवर चालणारी व्हॅन रिकामी असली की मागे हलकी पडते आणि चाकं नुसती फिरत राहतात. मी मागच्या एक्सलच्या वर वाळूच्या पिशव्या ठेवतो, पट्ट्याने नीट बांधून. अडकलो तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते.

हवेचं गणित व्हॅनला जास्त लागू पडतं. २० अंशांना गॅरेजमध्ये ५० पीएसआय भरलेली हवा उणे २० ला साधारण ४१ वर येते, पंक्चर नसतानाही! म्हणून थंडी वाढली की गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासा.

कायदा

क्युबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत आणि डोंगराचं चिन्ह लागतं. ऑन्टारियोत सक्ती नाही, मात्र विंटर टायर लावले तर विमा कंपनीला सूट द्यावी लागते, ती मागून घ्या. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर नुसतं एम+एस चालत नाही.

जुने टायर घेताना फोन काढा

टॉर्च बाजूने तिरका धरून टायरचा फोटो काढा, काळ्यावर काळी अक्षरं स्पष्ट दिसतात. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक बघा. ३२२३ असेल तर टायर २०२३ च्या ३२ व्या आठवड्यातला. पूर्ण कोड कधी कधी फक्त आतल्या बाजूला असतो, तेव्हा वाकून फोन आत घाला. नक्षीची खोली ४ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बर्फासाठी तो टायर नको.

गाडीत काय ठेवायचं?

फावडं, बर्फ झाडायचा ब्रश, जंपर केबल, ओढायचा पट्टा, घोंगडी, टॉर्च, आणि उणे ४० पर्यंत न गोठणारं काच धुण्याचं पाणी. गाडीची बॅटरी जुनी असेल तर हिवाळ्याआधीच तपासून घ्या, कडाक्याच्या थंडीत तिची ताकद बरीच घटते. फोन आतल्या खिशात ठेवा. डॅशबोर्डवर गारठलेला फोन चार्ज दाखवत असतानाच बंद पडतो. शून्याच्या खाली गारठलेली पॉवर बँक किंवा लिथियम बॅटरी चार्जिंगला लावू नका, आधी उबेत आणा. रस्त्यांची स्थिती बघायला ऑन्टारियोत ५११ नावाचं सरकारी अ‍ॅप आहे.

एक गोष्ट मात्र जिवाची. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायची वेळ आली तर आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बर्फाने बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, माणसाला झोप येऊ शकते.

टायर बदलल्यावर ८० ते १०० किलोमीटर चालवून चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या. मी दुकानातून बाहेर पडतानाच फोनवर त्याचा रिमाइंडर लावतो, कारण दोन दिवसांनी हमखास विसरायला होतं.