चौकटी नसलेलं कॉमिक आणि दौलताबादचा हौद

लातूरला असताना आमच्यासाठी कॉमिक्स म्हणजे अमर चित्र कथा. वडील नांदेडहून परत येताना स्टँडवरून एखादी आणायचे, की आम्ही भावंडं तुटून पडायचो. त्यात 'बाबासाहेब आंबेडकर'ही होती, १९७९ची, दिलीप कदमांच्या चित्रांची. सरळ चौकटी, चौकटीत प्रसंग, वर निवेदन. वाचली, आवडली, विसरलो.

'भीमायन' हातात आलं ते नोकरीला लागल्यावर. नवयानने २०११ साली काढलेलं. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्याची. पहिल्यांदा चाळलं आणि खरं सांगतो, वैतागलो. कुठून कुठे वाचायचं तेच कळेना! पानावर चौकटी नाहीतच. भिंती-अंगणात काढतात त्या 'डिगना' नक्षीच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. आगगाडी म्हणजे साप, किल्ला म्हणजे हिंस्र जनावर. सौम्य बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा.

व्याम जोडप्याने म्हणे सुरुवातीलाच सांगितलं होतं की आमची माणसं चौकटीत कोंडणार नाही, त्यांना श्वास घ्यायला मोकळी जागा हवी. दिवसभर स्क्रीनवर चौकोनात चौकोन बसवणाऱ्या माझ्यासारख्याला हे जरा लागलंच :) पण विषय बघा ना. ज्या माणसाला आयुष्यभर 'इथपर्यंतच' असं सांगितलं गेलं, त्याची गोष्ट रेघा मारून काढायची तरी कशी?

पुस्तकाचे मुख्य भाग तीन: पाणी, निवारा, प्रवास. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधल्या आठवणींवर उभे. पाण्याच्या भागात शाळेतली तहान आणि १९२७चं महाड आहे. मी थांबलो ते प्रवासाशी, कारण तो आमच्या मराठवाड्यात येतो. १९३४ साल, निजामी राज्य. बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांबरोबर वेरूळला निघालेले, वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला उतरले. रमजानचे दिवस. प्रवासाची धूळ म्हणून दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले, तर एक म्हातारा हौद बाटवला म्हणून ओरडत आला. बघता बघता गर्दी जमली. शेवटी किल्ल्यात सोडलं, पण आत कुठेही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, आणि बरोबर एक हत्यारबंद शिपाई. शाळेच्या सहलीला मी त्याच दौलताबादला गेलोय. मेंढा तोफ, अंधारी वगैरे सगळं दाखवलं. हौदाबद्दल एक अक्षर नाही.

बाय द वे, चित्रावरून गोष्ट सांगणं आपल्याला नवीन नाही. नांदेडला जी गोदावरी येते तीच वर पैठणवरून येते, आणि पैठणच्या नावाने ओळखली जाणारी एकोणिसाव्या शतकातली चित्रकथीची चित्रं आजही संग्रहालयांत आहेत. मोठ्या डोळ्यांची, एका बाजूला तोंड केलेली माणसं. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली. एकेक चित्र दाखवत कथेकरी गोष्ट सांगायचा. तळकोकणात पिंगुळीला ही कला अजून जिवंत आहे, २०२१ साली परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली. तिथेही गोष्ट चित्रातच असते, शब्द मागून येतात. हे कळल्यावर 'भीमायन' वाचायचं सोडून नुसतं बघायला लागलो, आणि तेव्हा कुठे ते उघडलं.

आणि भलतंच आठवलं. नांदेडकडच्या आजोळी गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असे. सालगड्याचा. त्यांना आम्ही मामाच म्हणायचो, त्यांच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलोय. चहा द्यायचं काम माझ्याकडे. कप ते खाली ठेवायचे, मी वरून ओतायचो. प्यायल्यावर स्वतः विसळून परत कोनाड्यात. मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, पण उंची मात्र बरोबर जमायची.

रविवारी आईला फोन केला, तो कप आठवतो का म्हणून.

"तुझ्या वेळंला कप आला," आई म्हणाली. "आधी करवंटी होती." मग जरा वेळाने, "पाऊस हाय का तिकडं?"